गळ्यातलं कुलूप

आमच्या कॉल सेंटरच्या ट्रेनिंगच्या हॉलमध्ये जो मराठी बोलेल त्याच्या गळ्यात एक पाटी अडकवली जायची. ती कल्पना माझी होती. कंपनीची नव्हती, विलायतेतल्या क्लायंटची नव्हती, आणि माझ्या तुकडीतल्या सुवर्णाची तर नव्हतीच नव्हती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर बजावलं होतं, गमतीदार किस्से लिहा, इंग्रज गिऱ्हाइकांचे, त्यांच्या बोलीभाषेचे. दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. किस्से आहेत, देतो. पण पाटी मध्ये येणारच. ती काढून लेख छापायचा असेल तर छापू नका, असं मी त्यांना कळवून टाकलंय. इतकी वर्षं गप्प बसलेल्या माणसाने बोलायला तोंड उघडलं की ते अर्धं उघडत नाही.

आधी धंदा सांगतो. लोकांना वाटतं कॉल सेंटर म्हणजे रात्रपाळी. ती अमेरिकावाल्यांची. विलायतेचा दिवस आपल्या दुपारी सुरू होतो. नागपूरकर जेवून पंख्याखाली आडवा होतो, त्या वेळी आमची पोरं रामदासपेठेतल्या ऑफिसात कानाला हेडफोन लावून गुड मॉर्निंग म्हणत असतात. आमचा क्लायंट तिकडे घरोघरी गॅस आणि वीज पुरवायचा. बिल जास्त आलं, मीटर अडकलं, घर बदललं, नवरा वारला आणि बिल त्याच्या नावावर आहे, असे सगळे फोन आमच्याकडे. सुरुवातीची काही वर्षं मी स्वतः फोन घेतले, मग ट्रेनर झालो. ट्रेनरचं काम म्हणजे उमरेड, कामठी, काटोलहून आलेल्या पोरांच्या तोंडातून त्यांचं गाव काढायचं आणि तिथे दुसरं कुठलंच गाव बसवायचं नाही. याला आमच्यात 'न्यूट्रल' म्हणतात. तसं बोलणारा माणूस पृथ्वीवर कुठेही जन्मत नाही.

नावंही बदलायची. मी नितीनचा निक झालो. माझ्या अगदी पहिल्या दिवसांतली गोष्ट. ग्लासगोच्या एका म्हाताऱ्या बाईंचं मीटर तपासताना संगणक हळू चालत होता, आणि अशा वेळी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या असं आम्हाला शिकवलेलं. समोर पडद्यावर हवामान दिसायचं. मी म्हटलं, आज तुमच्याकडे पाऊस लागलाय वाटतं. बाहेर आपला मे महिना, कूलरसुद्धा गरम हवा फेकत होता. बाई म्हणाल्या, "बाळा, तू लंडनचा पाऊस वाचतो आहेस. इथे ऊन आहे. आणि तुझ्याकडेही ऊनच आहे, तुझ्या आवाजावरून कळतं." नंतर त्यांनी मला भरपूर पाणी प्यायला सांगितलं. त्यांनी नाव विचारलं तेव्हा मी निक म्हटलं. त्या म्हणाल्या, बरं, असू दे निक.

माझा खरा गुरू म्हणजे लिव्हरपूलचा फ्रँक. गोदीवर हमाली करून निवृत्त झालेला, आई आयर्लंडची. त्याचं मीटर कायम बिघडलेलं. मला तर दाट संशय आहे की तो ते मुद्दाम बिघडवत असावा, कारण मुलं दूर आणि बोलायला कोणी नाही. तो प्रत्येक वेळी निकलाच मागायचा. बिलाचं काम दोन वाक्यांत संपायचं आणि मग फ्रँक शब्दांवर यायचा. इंग्रज लोक तोंडाला चिडून 'गॉब' म्हणतात ना, तो शब्द गेलिक. मूळ अर्थ चोच. 'ट्विग' म्हणजे डोक्यात प्रकाश पडणे, तो आयरिश 'तुइग' वरून, म्हणजे समजणे. 'गलोर' म्हणजे मुबलक, तो त्यांचा 'गो लोर', पुरेसं. काचेच्या 'स्मिदरीन्स' होतात, म्हणजे ठिकऱ्या, त्याही तिकडच्याच. 'फोनी' म्हणजे नकली, त्याची गोष्ट फ्रँक फार रंगवून सांगायचा. आयरिशमध्ये अंगठीला 'फॉन्या' म्हणतात. लंडनचे ठग पितळेची अंगठी रस्त्यावर टाकायचे, वाटसरूसमोरच 'सापडली' म्हणून उचलायचे आणि सोन्याच्या भावात त्याच्या गळ्यात मारायचे. आमच्या इतवारीच्या सराफ बाजारातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

फ्रँकचं सगळं खरं होतं असं नाही. 'स्मॅशिंग' हाही गेलिक आहे असं तो छातीठोक सांगायचा. कोशवाले ते मानत नाहीत. मी पुढे कोश उघडून बघायला लागलो तेव्हा कळलं. पण मुद्दा त्याचा पक्का होता. तो म्हणायचा, आमची भाषा पुढच्या दारातून हाकलली, तर ती मजुरांबरोबर मागच्या दाराने आत शिरली. कालवे खणायला, रूळ टाकायला, बंदरावर ओझी उचलायला जे आले, त्यांच्या तोंडी. म्हणूनच ती मोठ्यांच्या पुस्तकात कमी आणि शिव्या, थट्टा, बाजारात जास्त सापडते.

मीही त्याला परतफेड केली. सांगितलं की तुम्ही लोक डोकं फिरलेल्या माणसाला 'डूलॅली' म्हणता, ती आमची नाशिकजवळची देवळाली. गोरे शिपाई परतीच्या जहाजाची वाट बघत तिथे छावणीत पडून राहायचे आणि उन्हाने, कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे. 'डेको' मारणे म्हणजे आपलं देखो. 'पक्का' तर पक्काच. फ्रँक इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, म्हणजे आपण दोघंही यांच्या तोंडात राहतो, भाडं न देता.

त्याच फोनवर मी त्याला विचारलं, तुला स्वतःला आयरिश येतं का. तो म्हणाला, नाही. आईला यायचं. तिने घरात कधी काढलं नाही. शाळेत आयरिश बोललं की मार खायची, तेव्हा पोरांना तरी नको असं तिने ठरवलं असावं.

हे मी ऐकलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण मला ठाऊक नव्हतं अशी सबब मी कुठेही सांगणार नाही.

ट्रेनर झाल्यावर फ्रँकच्या शब्दांवर मी गुरुवारचा तास सुरू केला. पोरांना तो फार आवडायचा. उच्चारांच्या तासाला झोपणारी पोरंही गुरुवारी पुढच्या रांगेत. गुन्हेगारांची, खलाशांची, मजुरांची ती भाषा त्यांना आपली वाटायची. फ्रँकच्या आईचा मारही मी त्यात सांगायचो, डोळ्यांत पाणी येईल असा. आणि तास संपला की हॉलच्या दाराशी पाटी तपासायचो.

पाटी कशी आली ते सांगतो. एका तुकडीचे निकाल खराब लागले. पोरं वर्गात इंग्रजी बोलायची, चहाच्या सुट्टीत "काय करून राहिला बे" सुरू. मॅनेजर मला म्हणाला, निक, उपाय कर. मी नागपूरच्या जुन्या महाल वस्तीत, कारकुनांच्या घरात वाढलो. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लेखणी, आणि शुद्ध बोलण्याची घमेंड. आई माहेरचं 'मले', 'तुले' बोलली की वडील जेवणाचं ताट बाजूला सारायचे. शब्द नाही, फक्त ताट सरकायचं. आई पुढे पुढे त्यांच्यासमोर कमीच बोलायची. तर उपाय कसा करायचा हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

लाल पुठ्ठा, त्यावर तोंडाचं चित्र आणि तोंडाला कुलूप. जो मराठी किंवा हिंदी बोलेल त्याच्या गळ्यात. त्याने दुसऱ्या कोणाला पकडलं की त्याच्या गळ्यात. शिफ्ट सुटताना ज्याच्याकडे असेल त्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उभं राहून इंग्रजीत भाषण करायचं. पोरांनी तिचं नावच 'कुलूप' पाडलं. आज कुलूप कोणाकडे हाय, असं विचारायचीसुद्धा सोय नव्हती, कारण विचारलं की ते तुमच्याकडे. क्लायंटचा आदेश आहे, असं मी सांगितलं होतं. विलायतेचं नाव घेतलं की आपल्याकडे कोणी पुढे विचारत नाही.

चित्र सुवर्णाने काढलं. उमरेडच्या विणकराची मुलगी, तिकडच्या बायकांसारखी 'जातो', 'करतो' म्हणणारी, तुकडीतली सगळ्यात हुशार. हात सुंदर म्हणून मी तिलाच सांगितलं. गळ्यात घालायला मजबूत काही आण म्हटलं, तर तिने वडिलांच्या मागावरची उरलेली लुगड्याची किनार आणली. लालकाठी, पक्क्या रंगाची. तिला वाटलं, कुठल्या तरी खेळासाठी आहे.

खेळच होता म्हणा. काही दिवसांतच पोरं एकमेकांच्या पायावर पाय देऊ लागली. जोरात, टाचेने. का, तर दुखलं की माणूस 'आई गं' म्हणतो. 'आऊच' म्हणायचं शिकवता येतं, मीच शिकवलं, पण पाय चेचला गेला की शिकवलेलं आठवत नाही. जिवलग मैत्रिणी एकमेकींजवळून चालताना पाय चोरून चालायच्या. हे मी बघितलं, आणि निकाल सुधारले म्हणून थांबवलं नाही.

सुवर्णाच्या गळ्यात ते कधीच आलं नव्हतं. ती तेव्हा ट्रेनिंग संपवून त्याच हॉलमध्ये सूझन या नावाने फोन घेत होती, टीम लीडरसाठी तिचं नाव वर गेलेलं, आणि घरचा माग बंद पडलेला. ती नोकरी कायम होऊन बढती मिळणं म्हणजे धाकट्या भावाचं कॉलेज, हे तिने मला स्वतः सांगितलं होतं. क्लायंटकडून साहेब येणार, नागपूर बघणार, मग बढतीची यादी पक्की होणार, असं ठरलं.

साहेब आले, कॅलम नावाचे. स्कॉटलंडच्या पश्चिमेच्या कुठल्याशा बेटावरचे, उंच, अबोल. त्या दुपारी एका नव्या मुलीला पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाने अत्यंत घाण शिव्या घातल्या. ती हेडफोन काढून रडायला लागली. साहेब मॅनेजरच्या खोलीत होते. सुवर्णा स्वतःची लाइन थांबवून तिच्याजवळ गेली. मी मागेच उभा होतो.

"काहून रडून राहिली वं? त्याले का मालूम तू कोण होय ते. तो त्याच्या बिलावर चिडला, तुह्यावर नाही. पानी पे. मंग येजो, मी बसतो तुह्याजवळ."

मुलगी पाणी प्यायली. थांबली. माझ्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये मी चिडलेल्या गिऱ्हाइकाला कसं शांत करायचं ते शिकवलं. रडणाऱ्या माणसाला कसं शांत करायचं हे त्या हॉलमध्ये एकट्या सुवर्णाला येत होतं. आणि मी काय केलं? साहेबांना पद्धत दिसावी म्हणून ते कुलूप खुंटीवरून काढून तिच्या गळ्यात घातलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, नियम नियम असतो. मला त्या क्षणी अभिमान वाटत होता, हेही लिहून टाकतो.

कॅलम हॉलमध्ये आले, फिरले, तिच्यापाशी थांबले. हे काय, म्हणून विचारलं. मी मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो: मातृभाषा बोलणाऱ्याला, एकाकडून दुसऱ्याकडे, दिवस संपताना ज्याच्याकडे... मध्येच त्यांनी हात वर केला. पुढचं त्यांनीच सांगितलं. दिवस संपताना ज्याच्याकडे असेल त्याला शिक्षा. त्यांच्या आजीच्या शाळेत लाकडाचा तुकडा होता, दोरीला बांधलेला. गेलिक बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात. तोही असाच फिरायचा. आजीने पुढे मुलांशी गेलिक बोलणं सोडलं. ते म्हणाले, मला तीन-चार शब्द येतात, आणि ते बरोबर म्हणतो का हे विचारायला घरात कोणी उरलेलं नाही.

सगळा हॉल ऐकत होता. त्यांनी वाकून सुवर्णाला विचारलं, काढू का, आणि ती हो म्हणाल्यावर ते तिच्या गळ्यातून काढलं. मग माझ्याकडे वळले. हे कोणी सुरू केलं?

मी म्हटलं, "सुवर्णाने बनवलं."

खोटं नव्हतं. बनवलं तिनेच होतं. दुकानात वजनकाट्यावर बोट ठेवणारा माणूस असंच खरं बोलतो. कॅलम तिच्याकडे वळले, हे तू केलंस का? तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. ती म्हणाली, हो, मी केलं. पुढे काही बोलली नाही. बोलली असती तर कोणाचं ऐकलं गेलं असतं, ट्रेनरचं की तिचं, हे तिला माझ्याआधी 'ट्विग' झालं होतं.

वरिष्ठ मुलगी नव्यांचा छळ करते, अशी नोंद झाली. बढती गेली. महिन्याभरात तीच गेली. मी थांबवलं नाही, राजीनाम्यावर ट्रेनर म्हणून माझी सही आहे.

आणि ऐका, पुढचं तर आणखी आहे. पाटी बंद झाली. क्लायंटने मातृभाषेचा मान राखणारं प्रशिक्षण मागितलं. ते कोणी लिहिलं? मी. पोरांना चहाच्या सुट्टीत आपलं बोलू द्या, त्याने इंग्रजी बिघडत नाही, उलट तोंड मोकळं होतं. पटलं होतं मला, खोटं नाही. निकालही चांगले लागले. वर्षाच्या शेवटी मला त्यासाठी शाल मिळाली. प्रताप नगरच्या फ्लॅटमध्ये बायकोने ती कपाटात नीट घडी करून ठेवलीय. तिला हे वाचून कळेल. कळू दे.

मागच्या वर्षी कंपनीने आमचं ट्रेनिंगचं खातंच बंद केलं. आता एक सॉफ्टवेअर आलंय, उमरेडचं पोर उमरेडसारखं बोलतं आणि तिकडे गिऱ्हाइकाला भलताच आवाज ऐकू जातो. बोलता बोलता गाव पुसलं जातं. माणसाच्या गळ्यात काही अडकवायची गरजच उरली नाही. माझे सहकारी म्हणतात, बरं झालं, पोरांचा त्रास वाचला. मला पटत नाही, आणि नोकरी गेली म्हणून हे बोलत नाहीये. फ्रँकची आई, कॅलमची आजी, यांना निदान माहीत होतं की आपल्या तोंडाला कोणीतरी हात लावलाय. ज्याला हेही कळणार नाही, तो चिडणार कशावर? भाषा टिकतात त्या चिडलेल्या लोकांमुळे. 'गॉब' काय उगाच टिकला?

या पोळ्यानंतर मी सुवर्णाला शोधलं. कठीण नव्हतं, आजवर शोधलं नव्हतं इतकंच. कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कारखान्याचं निर्यातीचं काम ती बघते. परदेशी गिऱ्हाइकांशी रोज बोलते, स्वतःच्या नावाने. गेटबाहेरच्या टपरीवर भेटलो. केस पांढरे झाले सर तुमचे, म्हणाली. चहा तिनेच सांगितला. भाऊ इंजिनिअर झाला, उशिरा झाला, पण झाला. मी मुद्द्यावर येईना, तेव्हा तीच आली.

"एकच विचारतो, सर. काहून?"

मी म्हटलं, घाबरलो. नोकरी जाईल म्हणून नाही. त्या माणसासमोर मी हलका ठरेन म्हणून. एवढ्याशासाठी.

तिने उरलेला चहा संपवला. मी म्हटलं, माफ कर.

"मले माफी नाही पाहिजे," ती म्हणाली. "मी तर तेव्हाच जाणत होतो. माफ केलं का नाही, ते मी माहं पाहीन. पण त्या हॉलमध्ये माहं नाव घेतलं ना तुम्ही, तर त्याच लोकायसमोर तुमचं घ्या. त्या पोट्टीले सांगा, जिले मी पानी पाजलं. तिले आजही वाटते, ते कुलूप मीच आणलं होतं. मले भेटली तर रस्ता बदलते ती."

मग तिची वेळ झाली. चहाचे पैसे देऊ लागलो तर राहू द्या म्हणाली, आणि गेटमधून आत गेली.

काही मित्रांनी हा लेख आधी वाचला. म्हणाले, कशाला, जुनं झालं, सगळीकडे तसंच चालायचं, काळच तसा होता. नव्हता. त्या हॉलमध्ये तो काळ मी आणला होता, पुठ्ठा आणि किनार लावून. आणखी एक म्हणाला, छापून आलं की झालं, सुटलास. तेही नाही. अंकात लिहिणं सोपं आहे. वाचणारा समोर नसतो.

त्या दुपारी हॉलमध्ये असलेली पोरं आज पुण्यात आहेत, हैदराबादेत आहेत, एक-दोन खुद्द विलायतेत. कॅलम त्यांच्या बेटावर परत गेले असं ऐकतो. यांतल्या प्रत्येकाला शोधून, नाव घेऊन, कुलूप माझं होतं आणि सुवर्णाचा त्यात दोष नव्हता, हे तोंडाने सांगणं मी देणं लागतो. सगळ्यात आधी त्या रडणाऱ्या मुलीला. ती मनीषनगरला राहते, नंबर माझ्याकडे आहे. हे लिहीपर्यंत मी तिला फोन केलेला नाही.